सदुसष्ट कोटी आणि एक रोलर

गिरगावातल्या एका अरुंद रस्त्यावर समोरासमोर दोन दुकानं होती. एक रंगांचं, दुसरं फ्रेमचं.

रंगांचं दुकान भाऊंचं. पुट्टी, प्रायमर, डिस्टेंपर, ऑइल पेंट, टर्पेंटाइन, ब्रश, रोलर, सगळं तिथं मिळे. भिंत नुसती पाहून किती लिटर रंग लागेल ते भाऊ सांगत. पहिला हात सुकायच्या आत कारागिराने दुसरा मारला असेल, तर तेही त्यांना दारातूनच कळे. फ्रेमचं दुकान अण्णांचं. पट्टी तिरकी कापून कोन जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, शाळेची सर्टिफिकेटं आणि अधूनमधून चित्रकारांची चित्रं त्यांच्याकडे येत.

भाऊंचा पुतण्या शेअर दलालाच्या कचेरीत कामाला होता. २०२५च्या सप्टेंबर अखेरीस एके दिवशी तो उत्साहात दुकानात शिरला.

"काका, आपल्या गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाचं चित्र लिलावात ६७ कोटी ८ लाखांना गेलं!"

चित्रकार वासुदेव गायतोंडे. कुटुंब मूळचं गोव्याचं, जन्म १९२४चा नागपूरचा, लहानपण गिरगावातलं. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेली. विकलं गेलेलं चित्र १९७० सालचं, बिननावाचं.

"चित्रात आहे काय?" भाऊंनी विचारलं.

"तसं काही नाही. माणूस नाही, झाड नाही. रंग आहे आणि रंगाखाली रंग आहे."

"ब्रशने दिलेला?"

"ते रोलर आणि सुरी वापरायचे म्हणे."

भाऊ एवढे हसले की समोरून अण्णांनी मान वर करून पाहिलं. भाऊंनी खिळ्यावरचा रोलर काढून पुतण्याच्या हातात दिला. "हा दीडशे रुपयांचा. कॅनव्हासचे दोन हजार धर, रंगाचे पाच हजार धर, कारागिराची महिन्याची मजुरी धर. उरलेले सदुसष्ट कोटी कशाचे? ही शुद्ध फसवणूक आहे."

पुतण्याला राग आला. "काका, त्यांचंच एक चित्र २०१३ साली २३ कोटी ७० लाखांना गेलं होतं. २०२१ साली एक जवळजवळ ४० कोटींना गेलं. आता ६७. एवढे पैसे मोजणारे मूर्ख असतील का? चित्र थोर असल्याशिवाय एवढा भाव येतच नाही. बाजार वेडा नसतो."

"शेअर बाजारात नोकरी करून तू हे म्हणतोस?" भाऊ म्हणाले.

वाद मिटेना, तेव्हा दोघं रस्ता ओलांडून अण्णांकडे गेले. अण्णांनी करवत खाली ठेवली आणि दोघांचं ऐकून घेतलं.

"भाऊ, तुम्ही म्हणता हे कोणीही करील. मग तुम्हीच करा. कॅनव्हास मी ताणून देतो, रंग आणि रोलर तुमचेच. अट एकच. आता यात काही घालायचं नाही आणि काही काढायचं नाही, असं तुमचं तुम्हाला वाटेल तेव्हाच चित्र इकडे आणायचं."

मग ते पुतण्याकडे वळले. "तुला एक गोष्ट सांगतो. फ्रेम होईपर्यंत जे. जे.ची मुलं इथे बसून गप्पा मारतात, त्यांच्याकडून ऐकलेली. न्यूयॉर्कला नोडलर नावाची १८४६ सालापासूनची गॅलरी होती. तिने २००४ साली मार्क रॉथ्को या मोठ्या चित्रकाराचं म्हणून एक लाल-काळं चित्र ८३ लाख डॉलरना विकलं. ज्यांनी घेतलं त्यांनी ते वर्षानुवर्षं घरात लावलं. पुढे उघड झालं की ते रॉथ्कोचं नव्हतंच. क्वीन्स भागात राहणाऱ्या एका चिनी चित्रकाराने ते आपल्या घरी रंगवलं होतं. अशा कामाचे त्याला काही हजार डॉलर मिळत. गॅलरी २०११ साली बंद पडली. आता सांग, त्या चित्रातला रंगाचा एक ठिपकाही जागचा हलला नव्हता. मग ८३ लाख डॉलर गेले कुठे?"

दोघं आपापलं काम घेऊन परतले.

भाऊंनी त्याच रात्री दुकान बंद केल्यावर अर्ध्या तासात निळा रंग फिरवून टाकला. सकाळी पाहिलं तर ती भिंत होती, फक्त आकाराने लहान. त्यांनी वर पांढरा हात मारला. तो सुकल्यावर पुट्टीच्या पात्याने थोडा खरवडला, तर एका कोपऱ्यात खालचा निळा असा काही वर आला की भाऊ बघतच राहिले. मग तो कोपरा सांभाळायचा ठरवला. पण बाकीचं चित्र त्या कोपऱ्याशी जुळेना. बाकीचं जुळवायला गेले तर कोपऱ्यातली जान गेली. थोडा पिवळा घातला, तो पुसला, पुन्हा घातला. असं होता होता सगळ्याचा गढूळ तपकिरी चिखल झाला.

पंधरवड्याने कॅनव्हास काखेत मारून ते पुतण्याला घेऊन अण्णांकडे आले. "याला फ्रेम नको. भिंतीचं बरं असतं, अण्णा. गिऱ्हाईक शेड कार्डावर बोट ठेवतं, तो रंग आला की काम संपलं. इथं कुठे थांबायचं, हे सांगणारं कोणीच नाही."

"तेच तर गायतोंडेंचं काम होतं," अण्णा म्हणाले. "वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं व्हायची त्यांची. पुढे दिल्लीला निजामुद्दीन भागात राहायला गेले. लोकांत फारसं मिसळणं नाही, बडबड नाही. चित्राआधी नुसते बसून राहायचे. रंगावर वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे ठेवायचे, उचलायचे, पुन्हा वर रोलर. हे सगळं कुठे थांबवायचं, ते ठरवायला आयुष्य घातलं त्यांनी."

भाऊ प्रामाणिक होते. "काम अवघड आहे, मान्य. पण अण्णा, परळच्या टॉवरला बाहेरून दोरावर लटकून रंग देणारा पोरगा माझ्याकडून डबे नेतो. त्याचंही काम अवघड आहे. त्याला कोण कोटी देतं?"

"बरोबर बोललात. अवघडपणाचे ते पैसे नव्हेतच," अण्णा म्हणाले आणि पुतण्याकडे पाहू लागले. "तू सांग, कशाचे?"

पुतण्याने विचार केला होता. "न्यूयॉर्कच्या त्या चित्राचे पैसे नावाचे होते. नाव गेलं, पैसे गेले."

"काही नावाचे. काही त्या जुन्या गॅलरीच्या अब्रूचे. काही अशासाठी, की रॉथ्को मेला आहे आणि आता नवं चित्र काढणार नाही. गायतोंडे २००१ साली गेले. चित्रं आहेत तेवढीच राहणार, श्रीमंत मात्र वाढत राहणार. आणि लिलावात किंमत ठरवायला शंभर जाणकार लागत नाहीत. दोन माणसं पुरतात. एकाला घ्यायचंच आहे, आणि दुसरा सोडत नाही. दुसऱ्याने जिथे हात खाली घेतला त्याच्या एक पायरी वर भाव थांबतो. तुझा आकडा त्या दोघांबद्दल बरंच सांगतो. चित्राबद्दल फार थोडं. आणि त्या आकड्यातला एक पैसाही चित्रकाराच्या हातात पडलेला नाही."

भाऊंना आता जोर आला. "म्हणजे मीच खरा! नकली चित्रासमोर मोठमोठे लोक माना डोलावत होते, याचा अर्थ असली आणि नकली यात फरकच नाही."

"सगळे नव्हते डोलावत," अण्णा म्हणाले. "त्याच गॅलरीने जॅक्सन पोलॉकचं म्हणून विकलेल्या एका चित्राची २००३ सालीच तपासणी झाली होती. ते अस्सल आहे असं म्हणायला तपासणाऱ्यांनी नकार दिला. तरी धंदा चालू राहिला, कारण ज्यांना घ्यायचं होतं त्यांना ते ऐकायचं नव्हतं. आणि नक्कल करणाराही कच्चा नव्हता. पण वाट दुसऱ्याने पाडून ठेवलेली होती. पडलेल्या वाटेवरून चालता येतं म्हणून वाट पाडणाऱ्याचं मोल कमी होत नाही."

"तरी मला त्या चित्रात काही दिसत नाही त्याचं काय? ना नाक, ना डोळे."

"तुमच्या गावच्या देवीचा तांदळा आहे. त्याला कुठे नाक-डोळे आहेत? शेंदूर लावलेला दगड. तुम्ही कधी विचारलंत, यात काय आहे म्हणून?"

"तिथं श्रद्धा आहे, अण्णा! म्हणजे या चित्रांवरही श्रद्धाच ठेवायची? हे विकणारे लोकही तेच सांगतात. कळत नसेल तर गप्प बसा आणि हात जोडा."

अण्णा हसले. "मुळीच नाही. देवाकडे श्रद्धेने जा. चित्राकडे संशय घेऊन गेलात तरी चालेल. पण जा तरी. तुम्ही दोघं इतके दिवस भांडताय आणि दोघांपैकी एकानेही त्या माणसाचं चित्र समोर उभं राहून पाहिलेलं नाही."

रविवारी अण्णा दोघांना घेऊन काळा घोड्याला गेले. तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह ठेवलेला आहे. निकल्सन कापसाचे व्यापारी. त्यांनी हौसेने चित्रं जमवली आणि त्यांत गायतोंडेही आहेत. "बाजूची पाटी वाचायची नाही," अण्णांनी बजावलं. "आणि कोणी काही बोलायचं नाही."

पुतण्या दोन मिनिटांत चुळबुळू लागला. किंमत लिहिलेली नव्हती, त्यामुळे बघायचं काय ते त्याला समजेना. भाऊ मात्र आधी लांबून, मग जवळून, मग बाजूने वाकून पाहू लागले.

"रोलर उचलला कुठे?" ते स्वतःशीच पुटपुटले. "रोलर उचलला की सांधा राहतो. माझा तीस वर्षांचा कारागीरही तो लपवू शकत नाही. इथे सांधाच नाही. आणि हा खालचा रंग वर आलाय, तो खरवडून आलेला नाही. आपोआप आल्यासारखा दिसतो, पण आपोआप असं येत नाही. मी करून पाहिलंय."

बराच वेळ ते तिथेच उभे होते. मग अण्णांकडे वळून म्हणाले, "सदुसष्ट कोटींचं मला अजूनही पटत नाही. पण हा माणूस फसवत नाही."

तिथून ते शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत गेले. तिथं आठवड्या-आठवड्याला प्रदर्शनं बदलतात. त्या आठवड्यात दोन दालनांत अमूर्त चित्रंच लागली होती. पहिल्या दालनात दाराएवढा कॅनव्हास होता, किंमत काही लाखांत. पुतण्या लगेच प्रभावित झाला. भाऊ एका नजरेत म्हणाले, "घाई झालीय. पहिला हात ओला असताना दुसरा मारलाय, आणि मग त्या सुरकुत्यांनाच चित्र म्हटलंय." दुसऱ्या दालनात एका नवख्या मुलीचं लहानसं राखाडी चित्र होतं. त्यासमोर भाऊंचे पाय थांबले. किंमत पंचेचाळीस हजार.

"घ्यावं का, अण्णा?"

पुतण्या पटकन म्हणाला, "पुढे भाव चढेल का, ते आधी विचारा."

"ते हवं असेल तर शेअर घे," अण्णा म्हणाले. "भाऊ, उद्या कोणी सांगितलं की याची किंमत शून्य आहे, तर हे भिंतीवरून उतरवाल?"

भाऊंनी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं. "नाही उतरवणार."

"मग भाव रास्त आहे."

चित्र फ्रेमला अण्णांच्याच दुकानात आलं. ते न्यायला गेलेल्या पुतण्याने विचारलं, "अण्णा, थोर कोण आणि भोंदू कोण, हे शेवटी कळतं कसं?"

अण्णांनी माळ्याकडे बोट केलं. "तिथे वीसेक चित्रं धूळ खात आहेत. तेजीच्या दिवसांत मोठ्या भावाने घेतलेली. मालकांनी महागातली पट्टी निवडली, आगाऊ पैसेही दिले. मग बाजार बसला, आणि न्यायला कोणी फिरकलं नाही. यातलं एखादं चांगलंही असेल, पण घेणाऱ्याने ते कधी पाहिलंच नव्हतं. उलट एक शाळेतल्या बाई आहेत. त्यांनी तरुणपणी एका विद्यार्थ्याकडून हातभर चित्र घेतलं. नुसता पिवळा आणि तांबूस. त्या चित्रकाराचं नाव आज कोणाला माहीत नाही. बाईंनी तीन घरं बदलली, तीनदा काच बदलायला माझ्याकडे आल्या. माझ्या दुकानात एवढीच परीक्षा आहे. ती महागाचीही होते आणि स्वस्ताचीही होते. अमूर्ताची होते, तशीच राधाकृष्णाच्या तसबिरीचीही होते."

तात्पर्य : चित्राची किंमत घेणाऱ्याची ऐपत आणि हट्ट सांगते, चित्राचा गुण चित्रच सांगतं. मोठा आकडा ऐकून मान डोलावणारा आणि तोच आकडा ऐकून नाक मुरडणारा, दोघांनीही चित्र पाहिलेलं नसतं. म्हणून आधी पाहावं, मग बोलावं, आणि भाव शेवटी विचारावा.