वस्त्र आणि त्याचे नाव

वस्तू आणि तिचे नाव यांचा संबंध काय, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. त्यात घट आणि पट ही उदाहरणे सतत येतात. पट म्हणजे वस्त्र, आणि वस्त्रांची नावे आज मुले शाळेत इंग्रजीतही शिकतात. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हापासून नांदेड जिल्ह्यातल्या हदगावसारख्या तालुक्याच्या गावीही मूल अआइई गिरवता गिरवताच पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून शर्ट, फ्रॉक, सॉक्स म्हणू लागते. दर्शनकारांचा तो वाद कपड्यांच्या या पानावर अगदी जिवंत आहे.

‘ट्राउझर्स’चेच पाहा. सहावीतल्या मुलाने वहीत ‘धिस इज माय ट्राउझर’ असे लिहिले, की गुरुजी लाल शाईने त्याचे ‘दीज आर माय ट्राउझर्स’ करतात. मूल गोंधळते आणि त्याचा गोंधळ रास्त आहे. पँट एक, पाय दोन, म्हणून इंग्रजीत ती अनेकवचनी. पण शर्टालाही दोन बाह्या असतात, तरी शर्ट एकवचनीच. मराठीने तीच वस्तू ‘पँट’ म्हणून घेतली, तिला स्त्रीलिंगी केले आणि एकवचनात बसवले. मग वस्तू एक की दोन?

न्याय-वैशेषिकांचे उत्तर असे, की अवयव जुळले की ‘अवयवी’ नावाचे नवे, एकच द्रव्य निर्माण होते. तंतू वेगळे आणि त्यांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहणारा पट वेगळा. अद्वैत वेदान्त हे नाकारतो. धाग्यांपलीकडे वस्त्र म्हणून दाखवता येईल असे काही उरत नाही. वस्त्र हे नाम आणि रूप, आधार धाग्यांचाच. शिंप्याच्या दुकानात दोन्ही मते खरी वाटतात. कापड फाडून दिले तेव्हा तो नुसता ‘पँट पीस’ असतो. शिलाई झाली की त्याच सुताला पँट म्हणतात, आणि उसवली तर पुन्हा तुकडे. मात्र एक गोष्ट इथे स्पष्ट होते. एक की दोन हे कापड सांगत नाही, भाषा सांगते.

पण भाषेला हा अधिकार दिला कोणी? मीमांसेच्या मते शब्द आणि अर्थ यांचे नाते मूळचेच आहे, कोणा माणसाने जोडलेले नाही. वेदाचे प्रामाण्य टिकवण्यासाठी मीमांसासूत्रकार जैमिनींना हे मत आवश्यक होते. गौतमांच्या न्यायसूत्रांत मात्र हे नाते सामयिक, म्हणजे संकेताने ठरलेले, असे म्हटले आहे. कपड्यांच्या बाबतीत पुरावा सगळा गौतमांच्या बाजूचा आहे. ‘पँट्स’ म्हटल्यावर अमेरिकेत विजार समजतात, इंग्लंडमध्ये आतला कपडा. ‘व्हेस्ट’ लंडनला बनियन असते, न्यूयॉर्कला बिनबाह्यांचे जाकीट. मुंबईच्या डोंगरीशी ज्याचे नाव जोडले गेले ते जाडेभरडे कापड इंग्रजीत ‘डंगरीज’ झाले. पायजमा आणि खाकी हेही शब्द आपल्याकडूनच इंग्रजीत गेले. हदगावचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कारभार उर्दूत चालत होता. शेरवानी, पायजमा, रुमाल ही फारसी वळणाची नावे तेव्हाच्या कचेरीतल्या माणसाला जितकी सहज होती, तितकीच आज शर्ट आणि जीन्स सहज आहेत. राज्य बदलले, संकेत बदलला, धागा कापसाचाच राहिला.

तरीही संकेत म्हणजे हलकी गोष्ट नव्हे. आदल्या दिवशी धुऊन, काठीने उंच वलणीवर वाळत घातलेले धोतर सोवळे असते. कोणी न्हाल्याविना त्याला शिवले, की तेच धोतर त्याच क्षणी ओवळे होते. सूत तेच, आकार तोच, वीणही तीच. नांदेडला, जिथे १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला, तिथल्या अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या, शिखाचा कछेरा त्याने सदैव बाळगायच्या पाच ककारांपैकी एक आहे. इंग्रजी शब्दसूचीप्रमाणे त्याला ‘शॉर्ट्स’ म्हणता येईल, पण त्या शब्दात शिवणीचा आकार येतो, व्रत येत नाही. माणसांनी ठरवलेली गोष्टही जन्मभर पाळण्याइतकी पवित्र होऊ शकते, हे मीमांसकांच्या हट्टामागचे सत्य इथे मान्य करावे लागते.

फॅशनच्या शब्दांना सर्वांत नेमके लागू पडते ते बौद्ध आचार्य दिङ्‌नागांचे अपोहाचे मत. शब्द वस्तूला थेट दाखवत नाही. तो इतर सगळे बाजूला सारतो. ‘गाय’ म्हणजे जे गाय नाही ते वगळून उरलेले. ‘फॉर्मल’ या शब्दाला स्वतःचा रंग नाही, कापड नाही. ‘कॅज्युअल’ वगळले की तो उरतो. ‘एथनिक वेअर’ आणि ‘ट्रॅडिशनल’ यांचेही तसेच. पाश्चात्त्य नसलेले सगळे त्यांत ढकलले जाते. याचा परिणाम गंभीर आहे. हदगावच्या बाजारात कापूस घेऊन येणारा म्हातारा शेतकरी धोतर नेसतो, कारण तो त्याचा रोजचा कपडा आहे. त्याचा नातू कॉलेजात ‘ट्रॅडिशनल डे’ला वर्षातून एकदा तेच धोतर नेसतो. आजोबांचा वर्तमान एका शब्दाने भूतकाळात जातो. असा शब्द निव्वळ वर्णन करत नाही. तो माणसांची प्रतवारी लावतो, आणि ती प्रतवारी पोरांच्या मनात नकळत उतरते.

संकेत माणसांनी केलेला असतो म्हणून तो माणसांना मोडताही येतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले, की ज्या पेहरावावरून आणि दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखली जाते ते टाकून द्या. लुगडे नेसण्याच्या रीतीतला जातीचा संकेत त्या स्त्रियांनी स्वतः पुसला. पेहराव आणि जात यांचे नाते जन्मजात असते, तर हे शक्य झाले नसते.

म्हणून इंग्रजी कपड्यांची नावे हदगावच्या मुलांनी जरूर शिकावीत आणि ‘ट्राउझर्स’ अनेकवचनीच लिहावे. परीक्षेतला आणि नोकरीतला संकेत तोच आहे. पण शिक्षकांनी त्याच पाठात धोतर, लुगडे, फेटा यांचीही चित्रे लावावीत, त्यांची नावे आहेत तशीच इंग्रजी वाक्यांत वापरून घ्यावीत, आणि ती ‘ट्रॅडिशनल’च्या रकान्यात न टाकता रोजच्या कपड्यांच्या रकान्यात लिहावीत.