दुपारी तीनची झोप

दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये मला झोप यायची. वर्षभर मी स्वतःलाच बोल लावत होते: रात्रीचा मोबाइल, डब्यातला भात, अंगात शिस्तच नाही. मग एका मैत्रिणीने कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र दिलं. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत साधारण ४२० भाग हा वायू असतो. आमच्या काचबंद खोलीत, बारा माणसं तासभर बोलल्यावर, आकडा होता १,९४०.

हा आपलाच उच्छ्वास. तो साचतो, म्हणजे आपण एकमेकांची वापरलेली हवा पुन्हा ओढतोय. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफरने एकोणिसाव्या शतकातच १,००० ची मर्यादा सांगितली होती, खोली कोंदटल्याची खूण म्हणून. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ऊर्जा वाचवायला इमारतींत बाहेरची हवा कमी घ्यायला लागले. डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, घरी गेलं की बरं वाटतं, अशा तक्रारी वाढल्या आणि 'सिक बिल्डिंग सिंड्रोम' हे नाव आलं. निदान नावात तरी आजारी इमारतीला म्हटलंय! हार्वर्डच्या संशोधकांनी २४ जणांना सहा दिवस वेगवेगळ्या हवेत कामाला बसवलं, तेव्हा हवा सुधारली तसे निर्णयक्षमतेचे गुण वाढले. हे २०१५ मध्ये छापून आलं.

माझ्या अप्रेझलमध्ये 'लक्ष कमी पडतं' असं लिहिलंय. ते खोटं नाही. पण त्यातलं माझं किती आणि खोलीचं किती, हे कोण ठरवणार? बंद खोलीतल्या माणसाला जबाबदार धरायचं, तर खोली बंद करणाऱ्याचं काय?

मी आकड्याचा फोटो लावून मेल केला. एसीची ताज्या हवेची झडप वीजबिलापायी बंद ठेवली होती, असं कळलं. ती उघडली. आकडा ९०० च्या खाली आला, आणि खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी बेसमेंटमध्ये स्कूटर काढताना रॅम्पपाशी बसलेले वॉचमनकाका खोकत होते. सुटायची वेळ, शंभरेक गाड्या एकदम सुरू झालेल्या. माझं यंत्र धूर मोजत नाही. काकांकडे ऑफिसचा मेल आयडीही नाही.

"काका, खोकला कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, ताई. माझंच चुकलं. तरुणपणी बिड्या ओढल्या ना."