नकाशावरचा ठिपका

बहीण पुण्याला शिकायला गेली तेव्हा घरात एक अट ठरली: फोनचं लोकेशन कायम चालू ठेवायचं. अट मीच सुचवलेली. कोरेगावहून एसटीनं साताऱ्याला कॉलेज करणं वेगळं, दिवेलागणीला पोर घरात असते. पुण्यात खोली घेऊन राहायचं म्हटल्यावर पप्पांची झोप उडाली होती. आणि मी सॉफ्टवेअरवाला, माझ्याकडे प्रत्येक काळजीवर एक ॲप असतं.

दोनेक महिन्यांनी तिचा ठिपका वाट बदलून खोलीवर पोचायला लागला. दहा मिनिटांचा रस्ता सोडून पंचवीस मिनिटांचा वळसा. मी फोन करून जाब विचारला. “मैत्रिणीकडे गेले होते,” ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. यात कुणीतरी मुलगा असणार, असं मी मनाशी धरून चाललो.

मुलगा होताच. पंधरा दिवस बाईकवरून तिच्या मागे फिरणारा.

हे मला दिवाळीत कळलं, तेही सगळं निवल्यावर. सांगितलं का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, “सांगून काय झालं असतं दादा? तू पप्पांना सांगितलं असतंस, आणि पप्पांनी बॅग भरायला लावली असती.” मी गप्प बसलो. तिचा अंदाज शंभर टक्के बरोबर होता.

पाठलाग करणं हा 2013पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास 3 वर्षांपर्यंत कैद. आमच्या घरात मात्र त्याच गुन्ह्याची शिक्षा तिला झाली असती: शिक्षण बंद. ती कायद्यातल्या शिक्षेपेक्षा मोठी आहे, आणि ती द्यायला पुरावाही लागत नाही.

माझ्या कामात सर्व्हर बंद पडला की नंतर बैठक होते. तिथं ‘कुणी केलं’ हे विचारायचं नसतं, ‘काय झालं’ एवढंच विचारायचं. हा चांगुलपणा नाही, साधा हिशोब आहे. ओरडा बसणार असेल तर माणूस बिघाड लपवतो, आणि लपवलेला बिघाड वाढत जातो. आमच्यातल्या एकानं एकदा चालू डेटाबेसमधलं टेबल चुकून उडवलं आणि दोन मिनिटांत स्वतःच ग्रुपवर लिहिलं. अर्ध्या तासात बॅकअपवरून सगळं परत आलं. डेटाच्या एका टेबलासाठी असलेली ही सोय माझ्या बहिणीला घरात नव्हती. तिची तर चूकही नव्हती.

म्हणून मला आता प्रश्न पडतो, की जी काळजी समोरच्याचं तोंड बंद करते तिला काळजी म्हणायचं का? पप्पांची भीती खोटी नाही, हे मला मान्य आहे. पण भीती खरी असली म्हणून तिच्यातून निघालेला नियम बरोबर ठरत नाही. आणि आपले नियम बहुतेक मुलींनाच मोजतात. किती वाजता आली, कुणाबरोबर आली.

जून 2023मध्ये मुंबईत, चर्नी रोडच्या सरकारी सावित्रीबाई फुले वसतिगृहात, अठरा वर्षांची एक विद्यार्थिनी तिच्याच खोलीत मारली गेली. सुट्टीमुळे मजला जवळजवळ रिकामा होता. पोलिसांचा संशय ज्याच्यावर होता तो बाहेरून आलेला नव्हता. तिथंच वर्षानुवर्षं काम करणारा, पहाऱ्यावर असणारा माणूस होता, आणि तोही त्याच दिवशी रेल्वे रुळांवर मृत सापडला. मुलगी रात्री भटकत नव्हती. प्रत्येक बाप सांगतो तशी ती आत होती.

ज्यांचं नाव त्या इमारतीला आहे, त्या सावित्रीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. शाळेत जाताना लोक अंगावर चिखल आणि शेण टाकत, म्हणून त्या सोबत दुसरी साडी नेत. आमचं घर असतं तर शाळाच बंद केली असती, आणि त्यालाच सुरक्षा म्हटलं असतं.

यूजीसीच्या 2015च्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत एक कलम आहे: सुरक्षेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. मी ते वाचलं तेव्हा आधी कॉलेजं आठवली. आमचं घर जरा उशिरानं आठवलं.

लोकेशन आम्ही बंद केलं. त्याच्या जागी मी एक शब्द दिलाय: काय झालं ते सांग, पुढं काय करायचं ते तू ठरवशील, पोलिसांत जायचं म्हणालीस तर मी सोबत येईन, आणि तू सांगितल्याशिवाय कुणाला बोलणार नाही. शब्द देणं सोपं होतं. मागच्या महिन्यात रात्री पावणेअकराला तिनं स्वतः लोकेशन पाठवलं, रिक्षाचा नंबर पाठवला, आणि खोलीवर पोचेपर्यंत फोनवर बोलत राहिली. रिक्षावाला दोनदा विनाकारण थांबला होता. मला घाम फुटला होता, पण मी ‘एवढ्या उशिरा कुठं होतीस’ हे विचारलं नाही. जिभेवर आलं होतं.

पप्पांना यातलं अजून काहीच माहीत नाही. त्यांना सांगायचं की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही.