सेवेला केवळ शुद्ध हेतू पुरतो काय?

सुट्ट्या लागल्या की अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातील हजारो विद्यार्थी पदरचा पैसा खर्चून आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील गरीब देशांकडे निघतात. कोणी तेथील मुलांना इंग्रजी शिकवितो, कोणी शाळेची भिंत बांधतो, कोणी दवाखान्यात हातभार लावतो. ज्या वयात मौजमजा करावयाची त्या वयात ही मुले अनोळखी माणसांच्या सेवेला जातात, हे ऐकून कोणाही श्रद्धावंताचे मन प्रसन्न होईल. मग वाचकहो, अशा कार्याविषयी प्रश्न उपस्थित करण्याचे कारण काय? कारण हेच की, नीतीच्या एका मूलभूत प्रश्नाची येथे परीक्षा होते. कृत्य चांगले ठरण्यासाठी करणाऱ्याचा हेतू चांगला असणे पुरेसे आहे काय? हा प्रश्न दूरदेशीच्या तरुणांचा वाटतो. पण तो जितका त्यांचा, तितकाच आपल्या घरातील मुलामुलींचाही आहे.

इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहाचा आरंभ ज्या हदीसने केला, ती आपणा सर्वांना ठाऊक आहे. कर्मांचे मोल नियतीवर, म्हणजे मनातील संकल्पावर ठरते, असे आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीत सांगितले आहे. मात्र ही हदीस आपण बहुधा अर्धीच सांगतो. तिच्या उत्तरार्धात हिजरतीचे उदाहरण आहे. दोन माणसे एकाच वाटेने निघाली, दोघांच्या पायांना सारखीच धूळ लागली. परंतु जो अल्लाह आणि त्याच्या प्रेषितासाठी निघाला त्याची हिजरत त्यांच्यासाठी ठरली आणि जो ऐहिक लाभासाठी वा विवाहासाठी निघाला त्याच्या पदरी तेवढेच पडले. सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही हाच न्याय लागू आहे. प्रवेशअर्जात एक ओळ वाढावी म्हणून जो गेला, त्याला ती ओळ मिळेल. त्याहून अधिक काही मिळण्याची आशा त्याने धरू नये.

वाईट हेतूने चांगल्या कर्माचे मोल नष्ट होते, हे या हदीसवरून स्पष्ट होते. परंतु चांगला हेतू चुकीच्या कर्माला बरोबर ठरवितो, असे ती कोठेही सांगत नाही. आपली गफलत नेमकी येथेच होते.

कंबोडियाचे उदाहरण पाहा. अंगकोर वाटचे प्राचीन मंदिर पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी तेथे येतात. त्यांच्यापैकी अनेकांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, काही दिवस एखाद्या अनाथाश्रमात मुलांची सेवा करावीशी वाटते. २००५ ते २०१० या पाच वर्षांत त्या देशातील अनाथाश्रमांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. यादवी युद्ध संपून दशक उलटले होते. मग एवढे अनाथ आले कोठून? २०११ मध्ये कंबोडियाचे शासन आणि युनिसेफ यांनी यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळले की, आश्रमांतील चारपैकी तीन मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात होते. त्या अभ्यासाच्या शीर्षकातच ‘उत्तम हेतूंनी’ या अर्थाचे शब्द आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गरिबीने गांजलेल्या आईबापांना वाटे की, आश्रमात मुलाला पोटभर अन्न आणि शिक्षण मिळेल. परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहाव्यात म्हणून आश्रमांना मुले हवी असत. अनाथांसाठी आश्रम असावेत, तेथे आश्रमांसाठी अनाथ घडू लागले. त्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्याही मनात आईपासून मूल तोडण्याचा विचार नव्हता. तरीही ते तुटले.

आता त्या मुलाच्या बाजूने पाहा. दर पंधरवड्याला एक नवी ताई येते. ती त्याला मांडीवर घेते, गाणे शिकविते आणि डोळ्यांत पाणी आणून निरोप घेते. मग दुसरी येते, मग तिसरी. तिचे अश्रू खरे असतात, यात शंका नाही. परंतु त्या ममतेची किंमत ती मोजत नाही, ते मूल मोजते. जवळ येणारे प्रत्येक माणूस सोडून जाण्यासाठीच येते, हा धडा ते आयुष्यभरासाठी शिकते.

इस्लामने अनाथाची जागा कोठे ठेवली आहे? घरात. प्रेषितांच्या (स.) जन्मापूर्वीच त्यांचे पिता निवर्तले, सहाव्या वर्षी मातेचे छत्र हरपले. त्यांचे पालनपोषण प्रथम आजोबा अब्दुल मुत्तलिब यांच्या आणि नंतर काका अबू तालिब यांच्या घरी झाले. सूरह अन्-निसाच्या आरंभीच पवित्र कुरआनने पालकाला अनाथाच्या मालमत्तेचा चोख हिशेब ठेवण्याची ताकीद दिली आहे. अनाथाचा पालक स्वर्गात आपल्या इतका निकट असेल, असे सांगताना प्रेषितांनी (स.) दोन बोटे जवळ धरून दाखविली होती. हा गौरव पालकाचा आहे, पाहुण्याचा नाही. पालकत्व ही वर्षानुवर्षांची जबाबदारी असते. विमानाच्या तिकिटाला लागलेल्या पैशांतून त्या गरीब आईला वर्षभराचा शिधा आणि मुलाच्या शाळेचा खर्च मिळाला असता, तर छायाचित्र काढण्यासारखे काहीच घडले नसते. मूल मात्र आईच्या कुशीत झोपले असते.

हेतूबरोबर दुसरी गोष्ट लागते ती ज्ञानाची. ह. जाबिर (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग अबू दाऊदच्या संग्रहात आहे. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला स्नान अनिवार्य झाले, तेव्हा आपल्याला तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असल्याने सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. त्या सोबत्यांचा हेतू वाईट नव्हता. ते धर्माज्ञाच पाळू पाहत होते. तरीही प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी त्या मृत्यूचा दोष सोबत्यांवरच ठेवला आणि अज्ञानावर विचारणे हाच उपाय आहे, असे बजावले. दुसऱ्या एका हदीसनुसार वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीस जबाबदार असतो.

ही शिकवण आजच्या विद्यार्थी-स्वयंसेवकालाही तंतोतंत लागू पडते. ज्या विद्यार्थ्याला आपल्या देशात रुग्णाला टाके घालण्याची परवानगी नाही, त्याने ते आफ्रिकेतील खेड्यात घालावेत काय? अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेला यासाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, यावरूनच या मोहाची कल्पना येते. गरिबाचे शरीर हे सरावाचे साधन नव्हे. त्याच्या जिवाची किंमत अल्लाहच्या दरबारी श्रीमंताच्या जिवाएवढीच आहे.

तिसरी गोष्ट आहे गरजवंताच्या सन्मानाची. १९६१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी ‘पीस कोअर’ ही तरुण स्वयंसेवकांची संस्था स्थापन केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची एक तुकडी नायजेरियातील इबादान येथे प्रशिक्षण घेत होती. तुकडीतील एका तरुणीने मैत्रिणीसारख्या जवळच्या व्यक्तीला लिहावे तसे एक पोस्टकार्ड लिहिले. लोक रस्त्यावरच राहतात, तेथेच रांधतात, अशा आशयाचे वर्णन त्यात होते. कार्ड वाटेत पडले आणि तेथील विद्यार्थ्यांच्या हाती लागले. नायजेरिया स्वतंत्र होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. विद्यार्थी संतापले, निदर्शने झाली. तरुणीने क्षमा मागितली आणि तिला मायदेशी परतावे लागले. तिच्या मनात द्वेष नव्हता. परंतु ज्यांची सेवा करावयाची ते आपण लिहिलेले वाचतील, हा विचार तिला शिवला नव्हता.

आज असे पोस्टकार्ड हरवत नाही. ते मोबाइलवरून क्षणात जगभर जाते. फाटक्या कपड्यांतील मुलाला कवेत घेतलेले छायाचित्र उद्या ते मूल मोठे होऊन पाहील, हे किती जणांच्या ध्यानात येते? सूरह अल-बकरामध्ये अल्लाहने सावध केले आहे की, उपकार बोलून दाखविल्याने आणि मन दुखावल्याने दान वाया जाते. खडकावर मातीचा पातळ थर असावा आणि एका जोरदार सरीने खडक उघडा पडावा, तशी त्या दानाची गत होते. पवित्र कुरआनने तर श्रद्धावंतांच्या संपत्तीत याचकाचा आणि वंचिताचा हक्क सांगितला आहे. म्हणजे देणारा ऋणको आहे आणि घेणारा धनको. ऋण फेडताना धनकोला कवेत घेऊन छायाचित्र काढणारा ऋणको कोणी पाहिला आहे काय?

सत्य कोणाच्याही मुखातून आले तरी ते स्वीकारावे. इव्हान इलिच हे कॅथलिक धर्मगुरू. मेक्सिकोतील खेड्यांत उन्हाळाभर सेवा करू इच्छिणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर २० एप्रिल १९६८ रोजी क्वेर्नाव्हाका येथे त्यांनी भाषण केले. त्यांचे म्हणणे कठोर होते. या देशात पाहण्यासाठी या, शिकण्यासाठी या, पण मदत करण्यासाठी येऊ नका, असे त्यांनी त्या तरुणांना सांगितले. त्यांचे निदान अचूक आहे. पण त्यांचा उपाय श्रद्धावंताला पूर्णपणे मान्य होणार नाही. सत्कर्मात परस्परांना साहाय्य करा, ही अल्लाहची आज्ञा आहे. शिवाय कंजूष मनाला हात आखडता घेण्यास आयतेच निमित्त मिळेल. मग योग्य मार्ग कोणता?

त्याचे उत्तर सूरह अल-कससमध्ये आहे. तेथे हजरत मूसा (अ.) यांच्या तारुण्यातील मदतीचे दोन प्रसंग लागोपाठ आले आहेत. पहिल्या प्रसंगी इजिप्तमध्ये आपल्या जमातीच्या माणसाने हाक मारताच त्यांनी त्याच्या प्रतिस्पर्ध्याला एक ठोसा लगावला आणि तो मरण पावला. मारण्याचा हेतू नव्हता, तरीही त्यांनी ‘हेतू चांगला होता’ असे समर्थन केले नाही. त्यांनी तत्काळ क्षमा मागितली आणि अल्लाहने क्षमा केली. पुढे ते मद्यनला पोहोचले. भुकेलेले, थकलेले, परक्या देशातील एक तरुण. पाणवठ्यावर मेंढपाळांची गर्दी होती आणि दोन स्त्रिया आपली मेंढरे आवरून बाजूला उभ्या होत्या. मूसांनी (अ.) प्रथम विचारले की, त्यांची अडचण काय आहे. वडील वृद्ध आहेत आणि मेंढपाळ गेल्याशिवाय आम्हाला पाणी पाजता येत नाही, हे त्यांनी सांगितले. मग मूसांनी (अ.) मेंढरांना पाणी पाजले आणि ते सावलीत जाऊन बसले. आभारांची वाट पाहिली नाही, मोबदला मागितला नाही. उलट अल्लाहपुढे हात पसरून स्वतःच गरजवंत असल्याचे निवेदन केले. पुढे त्या घराने बोलाविले, तेव्हा ते त्या घरचे होऊन वर्षानुवर्षे मेंढरे राखत राहिले.

सेवेचे सारे नियम या प्रसंगात आहेत. आधी विचारा. जे विचारले त्याचे उत्तर ऐकून घ्या. जेवढे बळ आणि ज्ञान आहे तेवढेच काम हाती घ्या. काम झाल्यावर बाजूला व्हा. आणि ज्याला पाणी पाजले त्याच्याइतकेच आपणही अल्लाहच्या कृपेचे भुकेले आहोत, हे विसरू नका.

आपल्या महाविद्यालयांतील मुलेमुली राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिराला जातात. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तसा प्रसंग ओढवला तर मदतीलाही धावतात. त्यांना अडवू नका. घरातला चिखल उपसण्यासाठी पदवी लागत नाही. तेथे तरुण हातच हवे असतात. उद्या त्यांच्यापैकी कोणी सेवेसाठी परदेशी जाईल, त्यालाही आनंदाने निरोप द्या. मात्र तो परतल्यावर ‘तू काय काय केलेस?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘तेथील लोकांनी काय मागितले होते? तू कोणाकडून काय शिकलास? तू निघून आल्यावर ते काम आता कोण पाहते?’ हेही विचारा. या प्रश्नांनी मुलांचा उत्साह मावळणार नाही, उलट त्याला खोली येईल.

कियामतच्या दिवशी आपल्याला आपल्या हेतूविषयी विचारले जाईल, हे खरेच. पण त्या दिवशी ज्याची आपण सेवा केली असे आपल्याला वाटते, तोही तेथे उभा असेल आणि त्याचेही म्हणणे ऐकले जाईल. ते म्हणणे आपल्या बाजूचे असावे, अशी सेवा करण्याची सद्बुद्धी आणि शक्ती अल्लाह आपणा सर्वांना व आपल्या मुलाबाळांना देवो. आमीन.