पवित्र चिन्हे, अंगावरचे कपडे आणि बाजार

स्ट्रीटवेअर या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या पेहरावाची सुरुवात १९८०च्या दशकात अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणारी मुले, न्यूयॉर्कचे स्केटबोर्डवाले आणि हिप-हॉप गाणारे तरुण यांचा हा रोजचा वेश होता: सैल टी-शर्ट, हुडी, टोपी आणि खेळाचे बूट. यातल्या कापडात किंवा शिवणीत फारसे विशेष नसते. साध्या सुती टी-शर्टला दहापट भाव येतो तो छातीवरच्या चिन्हामुळे. चिन्ह हाच खरा माल असल्यामुळे या धंद्याला सतत नवी चिन्हे लागतात आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याकडून उचललेली असतात.

उसनवारी ही या शैलीची जन्मजात रीत आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ‘सुप्रीम’ या ब्रँडची लाल चौकट आणि तिच्यातली पांढरी अक्षरे बार्बरा क्रूगर या चित्रकर्तीच्या कलाकृतींवरून घेतलेली आहेत. क्रूगरची ती कला खरेदीच्या हव्यासावरच टीका करणारी होती. पुढे २०१३ मध्ये याच कंपनीने आपल्या चौकटीची थट्टा करणाऱ्या एका लहान ब्रँडवर एक कोटी डॉलरचा दावा लावला. उचलणारा बलवान असला की उचललेली वस्तूही काही काळाने त्याची मालमत्ता ठरते, हे त्यातून दिसले. हार्लेममधील शिंपी डॅपर डॅन यांचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. १९८०च्या दशकात ते बड्या युरोपीय ब्रँडांची बोधचिन्हे वापरून रॅपर मंडळींसाठी जाकिटे शिवत. त्या ब्रँडांच्या कायदेशीर कारवायांनी १९९२ मध्ये त्यांचे दुकान बंद पडले. २०१७ मध्ये ‘गुची’ने त्यांच्याच एका जुन्या जाकिटाशी हुबेहूब जुळणारे जाकीट मंचावर आणले. ओरड झाल्यावर कंपनीने त्यांच्याशी भागीदारी केली.

ही सगळी उदाहरणे ऐहिक चिन्हांची आहेत. त्यांत श्रेय आणि पैसा यांचा वाद असतो आणि करार झाला की तो बहुधा मिटतो. धार्मिक चिन्हांच्या बाबतीत प्रश्न वेगळा होतो, कारण तेथे तक्रार करणारा बहुतेक वेळा वाटा मागत नाही. १९९७ मध्ये ‘नायके’च्या एका बुटावरील ज्वालेसारखी अक्षरे अरबी लिपीतील ‘अल्लाह’ या शब्दासारखी दिसतात, असा आक्षेप अमेरिकी मुस्लिम संघटनांनी घेतला. कंपनीने माफी मागून सुमारे ३८ हजार जोड परत घेतले. २०१३ मध्ये याच कंपनीने सामोआ बेटांवरील ‘पेआ’ या गोंदणाची नक्षी स्त्रियांच्या व्यायामाच्या कपड्यांवर छापली आणि नंतर तीही मागे घेतली. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘अर्बन आउटफिटर्स’ या दुकानसाखळीने गणपतीचे चित्र असलेले पायमोजे विकायला ठेवले आणि हिंदूंच्या निषेधानंतर काढून टाकले. २०१८ मध्ये ‘गुची’च्या फॅशन प्रदर्शनात शीख नसलेले मॉडेल शीख धाटणीच्या पगड्या घालून आले. पुढच्या वर्षी तशी एक पगडी ७९० डॉलरला विक्रीस आली. या प्रसंगांत कोणी रॉयल्टी मागितली नाही. मग नेमके काय दुखावले गेले, हा या विषयातला मूळ तात्त्विक प्रश्न आहे.

पहिले उत्तर असे दिले जाते की पवित्र वस्तू बाजारात आणणे हाच दोष आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी १९१२ मधील आपल्या ग्रंथात धर्माची व्याख्याच पवित्र आणि ऐहिक यांच्या विभागणीवर उभी केली. पवित्र वस्तू वेगळी ठेवलेली असते आणि तिच्याभोवती निषेध असतात. त्या न्यायाने देवाचे चित्र कपड्यावर छापून विकणे म्हणजे सीमेचा भंग ठरेल. पण हे उत्तर भारतीय अनुभवाला पुरत नाही. रामनामाची किंवा हरिनामाची छपाई असलेली शाल तीर्थक्षेत्रांच्या बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या विकली जात आली आहे. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्या भारतात पाठवायच्या कापडावर कृष्ण-लक्ष्मीची रंगीत लेबले चिकटवत. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्यातील लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचल्या. आजही उदबत्तीच्या पुड्यावर, विडीच्या बंडलावर, फटाक्याच्या खोक्यावर देव असतात आणि लोकांनी कोपरे घाण करू नयेत म्हणून जिन्यांत देवांच्या फरशा बसवल्या जातात. देव आणि बाजार यांची गाठ पाश्चात्त्य ब्रँडांनी घातलेली नाही.

दुसरे उत्तर शरीरावरील जागेकडे बोट दाखवते. हिंदू आचारात मस्तक श्रेष्ठ आणि पाय कनिष्ठ मानले जातात. देवाचे नाव खांद्यावर चालते, कमरेखाली चालत नाही. म्हणूनच टी-शर्टवरील गणपतीपेक्षा पायमोज्यावरील गणपती जास्त बोचतो. हा नियम खरा आहे, पण तोही शेवटचा नाही. छत्तीसगडमधील रामनामी पंथाचे काही साधक आपल्या संपूर्ण देहावर रामाचे नाव गोंदवून घेतात. मंदिरप्रवेश नाकारलेल्या चर्मकार समाजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पंथ उदयाला आला. ज्यांना देवळाच्या पायरीशी येऊ दिले नाही, त्यांनी देवाचे नाव आपल्याच कातडीत कोरले आणि देहाला देऊळ केले. या गोंदणाबरोबर नियम येतात: दारू वर्ज्य आणि रामनामाचा जप रोजचा. देहाचा कोणता भाग शुद्ध आणि कोणता अशुद्ध, हा हिशेबच तेथे मोडीत निघतो, आणि तरीही त्याला कोणी थट्टा म्हणू शकत नाही. यावरून दिसते की चिन्हाची जागा त्याला पावित्र्य देत नाही. त्याच्यासोबत पत्करलेले बंधन ते देते.

या दृष्टीने पाहिले तर इतर उदाहरणांचा अर्थ लागतो. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीमाळ ही चार पैशांच्या मण्यांची असते, पण ती घालणारा मांस-मद्य सोडतो, एकादशी धरतो आणि वारी चुकवत नाही. खालसा शिखाची पगडी न कापलेल्या केसांवर बांधली जाते आणि ते केस दीक्षेच्या नियमांचा भाग असतात. पेआ हे सामोअन पुरुषाच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे गोंदण आहे. ते पारंपरिक हत्यारांनी, अनेक बैठकांत, असह्य वेदना सोसून पुरे केले जाते आणि त्यानंतर कुटुंबाच्या व गावाच्या सेवेची जबाबदारी येते. जमैकात १९३०च्या दशकात उदयाला आलेल्या रास्ताफारी पंथात जटा वाढवणे हे बायबलमधील नाझीर व्रताशी जोडलेले आहे. या प्रत्येक ठिकाणी चिन्ह म्हणजे घेतलेल्या व्रताची उघड साक्ष असते. पाहणाऱ्याला त्यातून कळते की या माणसाने काही सोडले आहे, काही पत्करले आहे.

स्ट्रीटवेअर ही साक्ष घेते आणि व्रत मागे ठेवते. त्यात दोन प्रकारची हानी संभवते. एक हानी अर्थाची आहे. माळ किंवा पगडी शोभेची म्हणून सर्वत्र दिसू लागली की ती पाहून व्रताची ओळख पटेनाशी होते आणि व्रत पाळणाऱ्यालाच आपण हौस म्हणून हे घातलेले नाही, असा खुलासा करावा लागतो. दुसरी हानी न्यायाची आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनातील मेसा येथे एका पगडीधारी शीख पेट्रोल पंपचालकाला गोळ्या घालण्यात आल्या, कारण मारेकऱ्याने पगडीवरून त्याला शत्रू ठरवले. जमैकात १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथील हिंसाचारानंतर पोलिसांनी रास्ताफारींची सरसकट धरपकड केली, त्यांना मारहाण केली, त्यांच्या जटा कापल्या. त्याबद्दल सरकारने २०१७ मध्ये माफी मागितली. ज्या चिन्हासाठी एकाला जीव किंवा केस गमवावे लागतात, तेच चिन्ह दुसऱ्याला झगमगत्या मंचावर टाळ्या मिळवून देते. मंचावरचा माणूस खेळ संपला की ते उतरवून ठेवू शकतो.

या मांडणीवर काही आक्षेप येतात आणि ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप इतिहासाचा. संस्कृती कधीच बंद पेटीत राहिलेल्या नाहीत. गांधार शैलीतील बुद्धाच्या अंगावर ग्रीक धाटणीचे वस्त्र आहे. क्वामे अँथनी अ‍ॅपिया या तत्त्वज्ञांनी २०१८ च्या ‘द लाइज दॅट बाइंड’ या पुस्तकात म्हटले आहे की संस्कृतीला मालमत्ता मानणे हीच चूक आहे आणि खरा दोष असेल तर तो अनादराचा किंवा शोषणाचा. हा मुद्दा मान्य करावाच लागतो. कोणत्याही समूहाने एखाद्या आकारावर कायमचा ताबा सांगितला तर कला आणि धर्म दोन्ही आटतील. पण वरील विवेचनाला मालकीचा आधार लागत नाही. व्रताची थट्टा होऊ नये, ही अपेक्षा मालकीशिवायही योग्य ठरते. गांधारच्या शिल्पकारांनी परका आकार घेतला तो बुद्धाच्या उपासनेसाठी, म्हणजे बंधनासह.

दुसरा आक्षेप प्रतिनिधित्वाचा आहे. दुखावल्याचे सांगणारा कोणाच्या वतीने बोलतो? देवाचे चित्र असलेला टी-शर्ट पाहून एका हिंदूला संताप येतो, दुसऱ्याला अभिमान वाटतो, तिसरा स्वतःच तो विकत असतो. जेम्स यंग यांनी २००८ मध्ये कलांतील सांस्कृतिक स्वीकारावर लिहिलेल्या ग्रंथात दुखावणे आणि प्रत्यक्ष हानी यांत फरक केला आहे. केवळ दुखावल्याने एखादी कृती चुकीची ठरत नाही. हा इशारा भारतात विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे भावना दुखावल्याची आरोळी अनेकदा धर्म न पाळणाऱ्यांकडूनच राजकीय फायद्यासाठी दिली जाते. म्हणून या प्रश्नात पहिला शब्द त्यांचा असावा, जे त्या चिन्हाचे बंधन खरोखर पाळतात. तुळशीमाळेबद्दल वारकऱ्याचे मत, पगडीबद्दल पगडीधारी शिखाचे मत, पेआबद्दल ते अंगावर वागवणाऱ्या सामोअन माणसाचे मत.

तिसरा आक्षेप आतून येतो. आपली संस्कृती चोरली अशी तक्रार करणाऱ्या समाजाने ती संस्कृती घडवणाऱ्यांना कसे वागवले? जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ने मिलानमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला श्रेय न देता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचे प्रत्येकी चार जिल्हे आहेत. कंपनीने प्रेरणेची कबुली दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. चप्पल हे धर्मचिन्ह नव्हे, पण तिच्यामागे धर्माचाच एक प्रश्न आहे: ती घडवणाऱ्या हातांना शतकानुशतके अस्पृश्य ठरवले गेले. वस्तूचा अभिमान आणि कारागिराचा विटाळ एकाच समाजाने बाळगला. परदेशी ब्रँडने कारागीर वगळून चप्पल घेतली, तर येथील सवर्ण समाज फार आधीपासून तेच करत आला आहे. यामुळे ‘प्राडा’ची चूक लहान होत नाही, पण तक्रार करण्याचा पहिला हक्क कोणाचा, हे त्यातून ठरते.

कायदा या प्रश्नाच्या काठावरच राहतो. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम ९ नुसार नागरिकांच्या कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदवता येत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उदबत्ती व सुगंधी मालासाठी ‘रामायण’ हे नाव एकाच व्यापाऱ्याला देण्यास नकार दिला. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ धर्माचा हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने केलेला अपमान दंडनीय मानते. बहुतेक ब्रँडांचा दोष दुष्ट हेतूचा नसून बेपर्वाईचा असतो, म्हणून ते तेथे लागू पडणे कठीण. शिवाय कठोर कायदा आला तर तो ब्रँडांआधी कवी, चित्रकार आणि विनोदकार यांच्यावर चालवला जाईल.

उरतो तो नैतिक आचार, आणि त्याचे नमुने अस्तित्वात आहेत. न्यू मेक्सिको राज्याच्या १९२५ पासूनच्या ध्वजावर झिया या मूलनिवासी जमातीचे सूर्यचिन्ह आहे. ते जमातीला न विचारता घेतले गेले. आज ही जमात व्यावसायिक वापरासाठी आधी विचारण्याची आणि देणगी देण्याची अपेक्षा ठेवते, आणि काही कंपन्या ती पाळतात. कायद्याने त्या बांधलेल्या नाहीत. डिझाइनरने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: या चिन्हासोबत कोणते व्रत येते, ते पाळणाऱ्यांना विचारले आहे काय, आणि या चिन्हापायी त्यांना जे सोसावे लागते त्यातले काही आपण सोसणार आहोत काय. पहिल्याचे उत्तर ठाऊक नसेल तर चिन्ह वापरू नये. उरलेल्या दोहोंचे उत्तर नकारार्थी असेल तर ते चिन्ह नफ्यासाठी वापरणे अन्याय्य आहे, मग ब्रँड मिलानचा असो की मुंबईचा.