पायरी नसलेलें न्यायालय

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. शिकागो शहराच्या भर वस्तींतील डेली सेंटर ही सरकारी इमारत पाहावयास गेलों, तेव्हां ही म्हण आठवून हंसूं आलें. कारण तेथें चढावयास पायरीच नाहीं. बाहेरच्या चौकाची दगडी फरशी कांचेच्या भिंतीखालून तशीच समतल आंत जाते. १९६५ सालीं पुरी झालेली ही पोलादी इमारत ६४८ फूट उंच. मजले मात्र अवघे ३१, कारण न्यायकक्षांस उंच छत लागतें. घुमट नाहीं, कोरीव खांब नाहींत. पोलादावर मुद्दाम गंज धरूं दिला आहे. तो वरचा गंजच आंतील धातूचें रक्षण करतो. रंगाच्या कंत्राटदारांना ही युक्ति खचित रुचली नसेल!

याच्या उलट मुंबईचें हायकोर्ट पाहावें. १८७८ सालीं पुऱ्या झालेल्या त्या वास्तूच्या माथ्यावर न्याय व दया यांच्या मूर्ति उभ्या आहेत, आणि खालून जाणाऱ्या पक्षकाराची छाती आपोआप दडपते. राज्यसत्तेनें भय घालून आदर मिळवावा, हा विचार मला कधींच मानवला नाहीं. त्यामुळें शिकागोचा हा समतल उंबरठा पाहून प्रथम मन प्रसन्न झालें. रस्ता आणि न्यायालय एकाच पातळीवर आलीं. लोकशाहीस याहून शोभेसें काय असणार?

पण आंत गेल्यावर दुसरा विचार डोकावला. या इमारतींत भाडेकरूंना घराबाहेर काढण्याचे दावेही चालतात. भाडें थकलेली एखादी बाई मूल कडेवर घेऊन येथें आली, असें समजूं. पायरी तिलाही नाहीं आणि घरमालकालाही नाहीं. परंतु घरमालकाचा वकील या वाटेला सरावलेला, आणि ती आज प्रथमच आलेली. दोघांना सारखें लेखणें हा न्याय खरा. तेवढ्यानें तो पुरा होतो काय? मला तसें वाटत नाहीं. जुन्या शिल्पकारांनीं भय घातलें हें कबूल, पण न्यायाच्या जोडीला त्यांनीं दयाही उभी केली होती. नव्यांनीं दोहोंनाही खालीं उतरविलें. दया आतां खुर्चीवरील माणसानें घरूनच आणली पाहिजे. आणि तो विसरला, तर तिची आठवण करून देणारें माथ्यावर कांहीं नाहीं.

बाहेर चौकांत पिकासोचें ५० फुटी पोलादी शिल्प आहे. त्यानें आपल्या कामाचें मोल घेतलें नाहीं. १९६७ सालीं तें उभें राहिलें. स्त्री म्हणावें कीं पक्षी, हा वाद कायम आहे. मी बाहेर पडलों तेव्हां त्याच्या उतरत्या बैठकीवर दोन पोरें घसरगुंडी खेळत होतीं, आणि बगलेंत कागद धरलेली त्यांची आई दाराकडे पाहत उभी होती.