नवस, व्रत आणि दुसऱ्याचे आयुष्य

मराठीत नवस बोलला जातो आणि फेडला जातो. पहिले क्रियापद वाणीचे आहे, दुसरे कर्जाचे. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला नांदेडकडून आणि मराठवाड्याच्या अन्य भागांतून भाविक येतात, झरपटीत स्नान करून देवळाकडे वळतात. त्यांच्यापैकी अनेकांना असे एखादे ऋणच तिथवर ओढून आणते. या व्यवहाराला सौदा म्हणून हिणवणे सोपे आहे. संतांनी ते केलेलेही आहे. परंतु सौदेबाज माणूस काम झाल्यावर शब्द विसरण्याची संधी सोडत नाही. येथे तर कोणी मागायला आलेले नसताना पदरमोड करून देणे चुकते केले जाते. नवसाचे गांभीर्य आहे ते या ठिकाणी.

याच परिसरात 1962 पासून सायरो-मलबार परंपरेच्या कॅथलिकांचे चांदा धर्मक्षेत्र आहे. 1982 मध्ये वेगळा झालेला गडचिरोली जिल्हाही त्यात मोडतो. त्यांचे नवस आणि जोगिणींची ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन ही व्रते यांना धर्मशास्त्र एकाच संकल्पनेखाली आणते: शक्य आणि अधिक चांगल्या गोष्टीविषयी देवाला विचारपूर्वक, स्वेच्छेने दिलेले वचन. ते पाळलेच पाहिजे. मात्र 1983 ची लॅटिन संहिता आणि 1990 ची पौर्वात्य संहिता, दोन्ही काही मर्यादा घालतात. गंभीर व अन्याय्य भीतीपोटी केलेले व्रत मुळातच रद्द ठरते, योग्य कारण असल्यास अधिकारी त्यातून मुक्त करू शकतो, आणि व्रत करणाऱ्याखेरीज ते कोणालाही बांधत नाही.

यांतील मुक्ततेची तरतूद मराठी मनाला पळवाट वाटण्याचा संभव आहे. देवाला दिलेला शब्द माणसाने कसा सोडवावा? थॉमस अक्वायनसचे उत्तर असे की, वचन दिलेली गोष्ट विशिष्ट प्रसंगी वाईट किंवा निरुपयोगी ठरू शकते, अथवा अधिक मोठ्या हिताच्या आड येऊ शकते. बायबलातील इफ्ताह विजयाच्या बदल्यात घरातून प्रथम सामोरे येईल त्याचा होम करण्याचे बोलतो, आणि सामोरी येते ती त्याची एकुलती एक मुलगी. जेरोमचा आधार घेऊन अक्वायनस त्याला बोलताना मूर्ख आणि पाळताना अधर्मी ठरवतो. इफ्ताहाच्या निष्ठेत खोट नव्हती, आणि प्रश्न अवघड होतो तो नेमका त्यामुळेच.

महाराष्ट्राला ही कथा परकी नाही. खंडोबाला नवसाने वाहिलेली मुरळी ही इफ्ताहाच्या मुलीचीच बहीण होय. शब्द आईबापांचा, फेड मात्र तिच्या आयुष्याने. मुंबई इलाख्यातील 1934 च्या कायद्याने मुलगी देवतेला वाहणे बेकायदेशीर ठरवले. पण बेकायदेशीर ठरलेला नवस बोलणाऱ्याच्या मनात फिटतो काय, हे कायद्याच्या कक्षेबाहेरचे आहे. तेथे धर्माच्या आतूनच कोणीतरी सांगावे लागते की हे ऋण मुळी जडलेलेच नव्हते.

कॅथलिक व्यवस्था ते सांगते, हे तिचे मोठेपण. कायमच्या व्रतांपूर्वी किमान 3 वर्षे तात्पुरत्या व्रतांत राहावे लागते, ते इच्छा पारखण्यासाठीच. तरीही आजारी मूल वाचले तर ते देवाच्या सेवेला देईन, असे एखादी ख्रिस्ती आईही बोलून जाते. ते मूल हे ऐकतच वाढते आणि पुढे मठाच्या दारात स्वेच्छेने उभे राहते. त्या स्वेच्छेत आईचा शब्द किती आणि तिचा स्वतःचा किती, हे कोणत्या संहितेने मोजायचे?